फुकट ते पौष्टिक? मोफत वेबसाइटची तीस वर्षं आणि एक हरवलेला संदर्भ

आजचा विषय ऐकून तुम्हाला वाटेल की हा ब्लॉग भरकटला. संशोधनाच्या गोष्टी सोडून मोफत वेबसाइट बिल्डर कशाला? सांगतो.

माझ्या प्रबंधातल्या ‘साहित्य आणि पद्धती’ या प्रकरणात एक संदर्भ होता. प्रयोगात वापरलेली क्वार्ट्झची नळी आम्ही एका छोट्या काचकाम वर्कशॉपकडून बनवून घेतली होती. नळीचा व्यास, भिंतीची जाडी, किती तापमानापर्यंत वापरायची, हे सगळं त्यांच्या वेबसाइटवर दिलेलं होतं. मी पत्ता टिपून ठेवला, पान मात्र साठवलं नाही. मसुदा तपासताना मॅडमनी लिंकवर क्लिक केलं. पान उघडलंच नाही. “ही जाडी कुठून आली?” एवढंच त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वर्कशॉपच्या काकांना फोन लावला. ते म्हणाले, “अहो, ती फुकटवाली साइट होती, पुतण्याने करून दिलेली. बंद पडली. आणि मी हजार व्हिजिटिंग कार्डं छापून बसलोय, सगळ्यांवर तोच पत्ता.” मापं त्यांच्या वहीत होती म्हणून माझं निभावलं. त्यांच्या कार्डांचं काही होण्यासारखं नव्हतं.

दोघांचं नुकसान एकाच कारणाने झालं. त्या कारणाला चांगला तीस वर्षांचा इतिहास आहे, आणि संशोधनाच्या वाटेवर असलेल्या प्रत्येकाने तो एकदा तरी वाचावा असं मला वाटतं.

मोफत बिल्डरच्या मर्यादा कुणालाही विचारा, यादी तयार असते. जागा कमी, डिझाइन ठराविक, पानावर दुसऱ्याची जाहिरात, पत्त्यात कंपनीचं नाव. यातल्या बहुतेक गोष्टी पहिल्याच दिवशी दिसतात आणि आपण त्या समजून-उमजून स्वीकारतो. एका मर्यादेचा अर्थ मात्र शेवटच्या दिवशी कळतो. पत्ता आपला नसतो. बाकीच्या अडचणी धंद्याला त्रास देतात, ही अडचण धंद्याची ओळख पुसते. माझा मुद्दा एवढाच आहे. आता तो इतिहासात तपासून पाहू.

१९९४ : वस्त्या आणि घरक्रमांक

१९९४ मध्ये अमेरिकेत डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर यांनी ‘बेव्हर्ली हिल्स इंटरनेट’ नावाची कंपनी सुरू केली. पुढे तिचं नाव ‘जिओसिटीज’ झालं. तेव्हा वेबवर स्वतःचं पान टाकणं म्हणजे सर्व्हरची जागा भाड्याने घ्या, फाइल्स कशा चढवायच्या ते शिका, असा खटाटोप होता. जिओसिटीजने सामान्य माणसाला सांगितलं, जागा आम्ही फुकट देतो, तुम्ही राहायला या.

‘राहायला या’ हे शब्दशः घ्या. तिथे खरोखर वस्त्या होत्या. संगणकाची आवड असलेल्यांसाठी ‘सिलिकॉन व्हॅली’, सिनेमावाल्यांसाठी ‘हॉलीवूड’, शिक्षण आणि तत्त्वज्ञानासाठी ‘अथेन्स’, छोट्या धंद्यांसाठी ‘युरेका’. वस्ती निवडायची, रिकामा क्रमांक पाहायचा आणि पान बांधायचं. म्हणजे तुमचा पत्ता असा : जिओसिटीज डॉट कॉम, मग वस्तीचं नाव, मग घरक्रमांक. या पत्त्यात सगळ्यात आधी काय येतं ते पाहा. तुमचं नाव नाही, जागामालकाचं.

आपल्याकडे कुणाच्या तरी घराच्या ओट्यावर बसून धंदा सुरू केलेली माणसं प्रत्येक गावात असतात. मालक चांगला असतो, भाडं मागत नाही, उलट दोन माणसं ओट्यावर येतात याचा त्याला आनंदच असतो. पण घर विकलं जातं तेव्हा ओट्याबद्दल कुणी विचारत नाही. जिओसिटीजचं नेमकं हेच झालं.

जानेवारी १९९९ मध्ये याहूने जिओसिटीज विकत घेण्याचं जाहीर केलं. किंमत होती सुमारे ३.५७ अब्ज डॉलर, तीही शेअर्सच्या रूपात. एवढी किंमत कशाची? स्वतः जिओसिटीजने लिहिलेलं त्यात फारसं काही नव्हतं. पानं लोकांनी बांधली होती, गर्दी त्या पानांमुळे होती आणि जाहिराती त्या गर्दीसाठी होत्या. ‘फुकट’ या शब्दाचा हिशेब इथे पहिल्यांदा ठळकपणे मांडला गेला.

खरं तर त्याची चुणूक आधीच दिसली होती. ऑगस्ट १९९८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जिओसिटीजवर आरोप ठेवला की सभासदांची माहिती कशासाठी घेतो याबद्दल कंपनीने दिशाभूल केली. कंपनीने तडजोड केली. इंटरनेटवरच्या खासगीपणाबद्दल त्या कमिशनचं हे पहिलं प्रकरण. म्हणजे जागा फुकट होती, पण मोबदल्यात काहीतरी घेतलं जात होतं.

अटी मालक ठरवतो

याहूच्या ताब्यात गेल्यावर जून १९९९ मध्ये नव्या सेवा-अटी आल्या. त्यांत लोकांच्या पानांवरचा मजकूर वापरण्याचे फार व्यापक आणि कायमस्वरूपी हक्क कंपनीने स्वतःकडे घेतले होते. लोक संतापले, बहिष्काराची हाक दिली गेली, आणि थोड्याच दिवसांत याहूला भाषा बदलावी लागली. हा विजय खराच होता. पण कुठला प्रश्न उरला ते लक्षात घ्या : अटी बदलायचा अधिकार कुणाकडे होता? काल पान बांधलं एका अटीवर, आज तेच पान दुसऱ्या अटीवर उभं. पटत नसेल तर निघून जा. पण पत्ता सोबत नेता येणार नाही.

आता जागेची मर्यादा पाहू. ती वाटते तेवढी निरुपद्रवी नव्हती. याहूच्या काळात मोफत खात्याला १५ मेगाबाइट जागा मिळायची. साध्या पानांना ती पुरे. अडचण होती ती डेटाच्या ये-जा मर्यादेची. महिन्याला सुमारे ३ गीगाबाइट, आणि तेही तासाला साधारण ४.२ मेगाबाइट अशा हिशेबाने वाटलेले. गणित करून पाहा. फोटोंसह पान २०० किलोबाइटचं असेल तर तासाला एकवीसच वेळा उघडणार. बाविसाव्या माणसाला ‘नंतर प्रयत्न करा’ असा संदेश. छंद म्हणून पान टाकणाऱ्याला चालेल. दुकानदारासाठी मात्र याचा अर्थ असा, की ज्या दिवशी सगळ्यात जास्त गिऱ्हाईक दारात येईल त्याच दिवशी शटर खाली.

शेजाऱ्याने केलं, आपल्याला भोवलं

एकाच पत्त्याखाली लाखो लोक राहतात तेव्हा आणखी एक गोष्ट घडते, आणि तिचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण २०११ चं आहे.

‘को डॉट सीसी’ ही खासगी सेवा लोकांना तिच्या नावाखाली फुकट पत्ते द्यायची. ‘सीसी’ हा कोकोस बेटांचा देश-संकेत, पण सेवा चालवणारी कंपनी कोरियातली. पत्ता फुकट आणि पटकन मिळतो म्हटल्यावर फसवणुकीचा आणि व्हायरसचा धंदा करणारे तिथे थव्याने आले. जुलै २०११ मध्ये गूगलने हा सगळाच्या सगळा पत्ता आपल्या शोधनिकालांतून काढून टाकला. बातम्यांमध्ये आकडा होता १.१ कोटीहून अधिक साइट्सचा. त्यांत प्रामाणिक लोकही होते. पण वस्तीच काळ्या यादीत गेल्यावर कुठलं घर चांगलं, हे कोण पाहत बसतो?

छोट्या धंद्यासाठी ही मर्यादा कुठल्याही तुलनेच्या तक्त्यात लिहिलेली नसते. तुमची पत शेजाऱ्यांच्या पतीला बांधलेली असते, आणि शेजारी निवडणं तुमच्या हातात नसतं.

दिवे बंद होतात तेव्हा

३१ ऑक्टोबर २००८ ला ‘एओएल होमटाउन’ बंद झालं. लोकांना मोजक्या आठवड्यांची सूचना मिळाली. ते पाहून जेसन स्कॉट या संग्राहकाने आणि त्याच्या साथीदारांनी २००९ मध्ये ‘आर्काइव्ह टीम’ उभी केली. बंद पडणाऱ्या साइट्स शेवटच्या क्षणी उतरवून ठेवणारी ही स्वयंसेवकांची टोळी. मोठं काम लवकरच समोर आलं. याहूने एप्रिल २००९ मध्ये जिओसिटीज बंद करणार असल्याचं सांगितलं, आणि २६ ऑक्टोबर २००९ ला ते बंद केलं. जपानमधलं जिओसिटीज मात्र ३१ मार्च २०१९ पर्यंत टिकलं.

आर्काइव्ह टीमने जेवढं उतरवता आलं तेवढं उतरवलं आणि वर्षभराने, २०१० मध्ये, ६०० गीगाबाइटहून मोठा संच सगळ्यांसाठी खुला केला. इंटरनेट आर्काइव्हनेही पुष्कळ वाचवलं. त्या सामग्रीवर आज गंभीर संशोधन होतं. कॅनडातले इतिहासकार इयान मिलिगन यांनी जिओसिटीजच्या वस्त्यांचा अभ्यास केला आहे. जर्मनीत ओलिया लियालिना आणि ड्रॅगन एस्पेनशीड या दोघांनी तो संच पुन्हा उभा करून पानन् पान पाहिलं.

पानं काही प्रमाणात वाचली, पत्ते वाचले नाहीत. युरेका वस्तीतल्या ज्या दुकानाने आपला पत्ता पावत्यांवर छापला होता, त्याच्या पावतीवरचा पत्ता त्या दिवसानंतर कुठेच नेत नव्हता.

भारतात : २०११, २०१७, २०२४

आता आपल्याकडे येऊ. नोव्हेंबर २०११ मध्ये गूगलने होस्टगेटर या कंपनीच्या जोडीने भारतातल्या लघुउद्योगांसाठी मोहीम काढली : वेबसाइट फुकट, सोबत ‘डॉट इन’ पत्ताही फुकट. ही मुदत होती एक वर्षाची. पुढे चालू ठेवायचं तर पैसे. तरी या योजनेत एक गोष्ट चांगली होती, पत्ता दुकानाच्या नावाचा होता.

४ जानेवारी २०१७ ला सुंदर पिचाई दिल्लीत होते. लघुउद्योगांसाठी प्रशिक्षणाचा कार्यक्रम त्यांनी जाहीर केला आणि फोनवरून काही मिनिटांत मोफत वेबसाइट बनवण्याच्या नव्या साधनाची घोषणा केली. त्याच वर्षी ते साधन सर्वत्र खुलं झालं. नकाशावरची दुकानाची माहिती घेऊन एक पान आपोआप तयार व्हायचं. एकच पान, ठराविक साचे. पत्ता असायचा दुकानाचं नाव आणि पुढे ‘बिझनेस डॉट साइट’. ज्यांच्याकडे संगणकही नव्हता अशा दुकानदारांची पानं त्यातून उभी राहिली. याला कमी लेखू नका. शून्यातून एक पान होणं ही मोठी उडी असते.

मार्च २०२४ मध्ये ती सगळी पानं बंद झाली. १० जून २०२४ पर्यंत जुना पत्ता टाकला तर नकाशावरच्या दुकानाच्या नोंदीकडे नेलं जायचं. त्यानंतर तेही नाही. ज्यांनी आधीच स्वतःचा डोमेन विकत घेऊन जोडला होता, त्यांना तो दुसऱ्या साइटकडे वळवता आला. बाकीच्यांना बोर्ड, पावती, कार्ड, सगळंच नव्याने छापावं लागणार होतं.

१९९४ ते २०२४. कंपन्या बदलल्या, तंत्र बदललं, देशही बदलला. शेवट मात्र एकाच ठिकाणी.

मग पैसे भरले की सुटलो?

संशोधक म्हणून तुम्ही इथे हात वर करायला हवा. कारण ‘मोफत’ आणि ‘परक्याचा पत्ता’ ही दोन चलं मी आतापर्यंत एकत्र बांधली आहेत. ती वेगळी करून पाहिली पाहिजेत.

प्रतिउदाहरण आहेच. अ‍ॅपलची ‘मोबाइलमी’ ही सेवा फुकट नव्हती, वर्षाला ९९ डॉलर घ्यायची. तिच्यावरही लोकांच्या वेबसाइट्स होत्या. ३० जून २०१२ ला ती बंद झाली आणि तिच्या पत्त्यावरची पानंही गेली. पैसे भरूनही पत्ता परकाच असेल तर शेवट तोच. उलट बाजूने, आज काही सेवा फुकट असूनही स्वतःचा डोमेन जोडू देतात. ‘गिटहब पेजेस’ हे त्याचं उदाहरण. तिथे उद्या काही झालं तरी पत्ता घेऊन तुम्ही दुसरीकडे जाऊ शकता.

म्हणजे निर्णायक चल किंमत नाही, पत्त्याची मालकी आहे. त्यातही प्रामाणिकपणे सांगायचं तर डोमेनची ‘मालकी’ म्हणजे दरवर्षी नूतनीकरण करायचा करार. पैसे भरायचं विसरलात तर तोच पत्ता दुसरा कुणीही घेऊ शकतो. फरक एवढाच की विसरलं कोण, तर आपण. निर्णय आपल्या हातात राहतो.

दुसरी अडचण सामान नेण्याची. विक्ससारख्या बिल्डरवर बांधलेली साइट जशीच्या तशी उचलून दुसऱ्या सर्व्हरवर ठेवता येत नाही, कारण ती त्यांच्याच यंत्रणेवर चालते. पत्ता आपला असला तरी घर नव्याने बांधावं लागतं. पण गिऱ्हाइकाला त्याचं सोयरसुतक नसतं. त्याला पत्ता सापडला की पुरे.

तुमच्या कामाशी याचा संबंध

टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच एका टिपणात म्हटलं होतं की चांगला वेबपत्ता बदलत नाही, आणि पत्ते आपोआप बदलत नसतात, माणसं ते बदलतात. शास्त्राने हे ऐकलं असतं तर बरं झालं असतं. जोनाथन झिट्रेन, केंद्रा अल्बर्ट आणि लॉरेन्स लेसिग यांनी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या न्यायसाहित्यातल्या लिंक तपासल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतल्या सुमारे ५० टक्के लिंकवर मूळ संदर्भित मजकूर सापडत नव्हता. त्याच वर्षी मार्टिन क्लाइन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की विज्ञान, तंत्रज्ञान आणि वैद्यक या क्षेत्रांतल्या दर पाच लेखांपैकी एकाला ही कीड लागली आहे. प्यू रिसर्चच्या २०२४ च्या पाहणीनुसार २०१३ मध्ये असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती.

आणि एक सूक्ष्म मुद्दा, जो तुम्हाला नमुना-निवडीच्या तासाला कुणी सांगणार नाही. वेब-संग्रह करणारे क्रॉलर एका पानावरून दुसऱ्यावर लिंकमार्गे जातात. ज्या पानाकडे कुणीच लिंक दिलेली नाही ते पान त्यांना सापडणं अवघड. फुकट पत्त्यावरच्या एकपानी दुकानाला लिंक कोण देणार? म्हणजे ज्या मर्यादेमुळे ते पान गिऱ्हाइकाला सापडत नव्हतं, त्याच मर्यादेमुळे ते संग्रहातही सापडत नाही. उद्या कुणी ‘२०१७ ते २०२४ मधले भारतातले छोटे व्यवसाय आणि वेब’ असा विषय घेतला, तर त्याच्या हाती लागणारा साठा हा यादृच्छिक नमुना नसेल. तो आधीच चाळून आलेला असेल, आणि चाळणी लावणारं कुणी दिसणारही नाही. जुनं पान वाचण्याआधी ते कुठल्या मर्यादेखाली बांधलं गेलं होतं हे वाचा, असं मी म्हणतो ते यासाठी.

आता उद्यापासून करण्याजोग्या चार गोष्टी.

पहिली, वेबपान संदर्भ म्हणून वापरताय? त्याच क्षणी त्याची पीडीएफ काढा आणि वेबॅक मशीनच्या ‘सेव्ह पेज नाऊ’मध्ये पत्ता टाका. पाहिल्याची तारीख लिहा. आकडा किंवा माप असेल तर ते प्रयोगवहीतही उतरवा.

दुसरी, डीओआय असेल तर साध्या लिंकऐवजी तोच द्या. डीओआयची कल्पनाच ही आहे की फाइल कुठेही हलली तरी ओळखक्रमांक तोच राहावा.

तिसरी, तुमचा स्वतःचा डेटा आणि प्रोग्राम फुकट साइटवर टांगून ठेवू नका. सर्नच्या आधाराने चालणारं ‘झेनोडो’ मोफत आहे आणि डीओआय देतं. म्हणजे सगळंच फुकट वाईट नसतं. टिकवणं हेच ज्याचं काम आहे त्याच्याकडचं फुकट वेगळं.

चौथी, प्रयोगशाळेची किंवा परिषदेची साइट बनवायची जबाबदारी हमखास सगळ्यात ज्युनिअर विद्यार्थ्यावर येते, म्हणजे तुमच्यावर. बिल्डर खुशाल मोफत घ्या. पण आधी विद्यापीठाकडे उपपत्ता मागा, नाही मिळाला तर डोमेन विकत घ्या, आणि तो कुणाच्या नावावर आहे, नूतनीकरण कधी आहे हे लेखी ठेवा. तुम्ही पदवी घेऊन निघून जाल. पत्ता मागे राहायला हवा.

माझ्या प्रबंधात आता त्या नळीच्या संदर्भाच्या जागी वर्कशॉपशी झालेल्या प्रत्यक्ष पत्रव्यवहाराचा उल्लेख आहे, आणि काकांच्या वहीतल्या पानाचा फोटो परिशिष्टात जोडला आहे. काकांनी स्वतःचा डोमेन घेतला. जुन्या कार्डांवर ते पेनाने नवा पत्ता लिहून देतात. म्हणाले, “संपेपर्यंत चालवू.”

तुमच्या लेखातल्या संदर्भांपैकी किती लिंक आज उघडतात? हा परिच्छेद संपला की एकदा मोजून पाहा.